दाखवलेलं घर

११ जानेवारी २०२६, रविवार

आज श्रेयाच्या घरचे पिशोरहून घर बघायला आले होते. मुलगी बघायचा कार्यक्रम गेल्या महिन्यात झाला, तो पंचवीस मिनिटांत उरकला होता. घर बघायचा पावणेदोन तास चालला. कंपनीनं दिलेली ही डायरी दहा दिवस कोरीच पडली होती. आज कुणाला तरी सगळं सांगावंसं वाटतंय आणि सांगण्यासारखं माणूस नाही, म्हणून उघडली.

खरं काय ते आधी लिहून टाकतो. ते घर माझं नाही. अजून नाही. उस्मानपुऱ्यातला तो फ्लॅट मंजुषा मॅडमचा. त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या आणि फ्लॅट विकायला काढला. माझी ताई, दीपमाला, शेजारच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहते म्हणून किल्ली तिच्याकडे असते. गिऱ्हाईक आलं की ती दार उघडून दाखवते. माझं आणि मॅडमचं फोनवर बोलणं झालेलं आहे. बँकेनं कर्ज मंजूर केलं की इसार द्यायचा आणि कागद करायचा. पंधरा दिवसांचा प्रश्न. ताई म्हणाली, "पंधरा दिवसांनी तुझंच हाय ना? मग आज तुझं म्हणलं तर काय बिघडलं?"

बायोडाटात 'शहरात स्वतःचा टू बीएचके' हेही तिनंच लिहिलं होतं. मी खोडलं नाही. तेहेतिसावं लागलंय मला. चार वर्षांत एकोणीस स्थळं झाली आणि एकोणीस ठिकाणी पहिला प्रश्न तोच होता, शहरात घर आहे का. पगार, शिक्षण, वागणं हे सगळं नंतर. आणि नंतरपर्यंत कुणी थांबलंच नाही.

दोन दिवस आम्ही फ्लॅट मांडत होतो. ताईचा दिवाण, ताईची भांडी, माझे कपडे. दारावरची मॅडमच्या नावाची पाटी काढून माळ्यावर टाकली. आई देवगाव रंगारीहून कालच आली होती. ती सगळ्या खोल्यांतून एकदा फिरली आणि म्हणाली, "माझी गादी कुठं टाकशील रे?" मी आतली खोली दाखवली. ती तिथं जरा वेळ बसून राहिली.

नानासाहेब, म्हणजे श्रेयाचे वडील, तिची आई लक्ष्मीबाई आणि श्रेयाचा भाऊ सत्यम यांना मी लिफ्टनं वर नेलं. नानासाहेब पूर्ण वेळ लिफ्टच्या छताकडे बघत उभे होते. श्रेया म्हणाली, मी जिन्यानं येते. आम्ही पोचल्यावर थोड्या वेळानं ती आली, दम न लागता.

घर सगळ्यांना आवडलं. ओट्यामागच्या मोराच्या फरश्या लक्ष्मीबाईंनी हात लावून बघितल्या. हॉलच्या छतात एक लोखंडी कडी आहे, मॅडमनी झोपाळ्यासाठी बसवली असणार. लक्ष्मीबाई वर बघून म्हणाल्या, "पाळण्याचीबी सोय हाय की." सगळे हसले. मला घाम फुटला म्हणून पंखा लावायला गेलो, तर आधी ट्यूब लागली, मग बाल्कनीतला दिवा, मग पंखा. घाबरलो की हातून असंच होतं. श्रेया तेवढी बटणांकडे बघत होती.

मग लक्ष्मीबाईंनी नळ सोडला. नळ कोरडा. मोटार लावायची राहिली, असं मी म्हणालो. तेव्हा श्रेयानं पूर्ण दिवसातला एकच प्रश्न विचारला, "पाणी कितव्या दिवशी येतं इकडं?" माझ्या तोंडातून गेलं, "रोज येतं." का गेलं, माहीत नाही. पिशोरची माणसं पाण्याची किंमत जाणणारी, त्यांना बरं वाटावं म्हणून असेल. नानासाहेब खूश झाले. श्रेयानं नुसती मान हलवली. ती इथंच होस्टेलला राहून बी.एड. झाली आहे, तिला शहराची सवय आहे. हेही एक बरं.

१४ जानेवारी, बुधवार

होकार आला. संक्रांतीच्या दिवशी आला. साखरपुडा मार्चमध्ये, लग्न अक्षय्य तृतीयेच्या आसपास.

आईला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. मग मीही. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटसमोर उभा राहून तेहेतिसावं लागलेला माणूस रडतोय, हे बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या हुआ भाई, निकाल दिया क्या?" मी म्हणालो, नाही, घेतलं.

२२ जानेवारी, गुरुवार

बँकेत दुसरी चक्कर. साहेब चांगला माणूस आहे, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नाही. त्यानं माझी पगाराची स्लिप उलटसुलट करून पाहिली. सहा वर्षं मी वाळूजच्या त्याच कंपनीत, त्याच गेटनं आत जातो, त्याच टेबलावर सुट्या भागांतले दोष शोधतो. पण स्लिपवर नाव ठेकेदाराचं. ठेकेदाराचं नाव सहा वर्षांत तीनदा बदललं. साहेब म्हणाला, कागदावर तुमची नोकरी अकरा महिन्यांची दिसते. मंजूर होईल, पण मागितलं तेवढं नाही, आणि वेळ लागेल.

उरलेलं कुठून आणायचं ते मी बघेन. वेळ कुठून आणायचा ते कळत नाही.

२५ जानेवारी, रविवार

श्रेयाशी फोनवर पाऊण तास बोललो. आमच्यात अजून अहो-जाहोच चालू आहे. मला तेच आवडतं.

तिनं विचारलं, घरातली तुमची आवडती जागा कोणती? मी काही विचार न करता म्हणालो, जिन्याची तिसरी पायरी. सकाळी तिथं चहा घेऊन बसलं की ऊन बरोबर गुडघ्यापर्यंत येतं. बोलून झाल्यावर लक्षात आलं की ही पुंडलिकनगरातल्या माझ्या खोलीची पायरी. पत्र्याची खोली, पण पायरी चांगली आहे. मी लगेच सावरून घेतलं. म्हणालो, म्हणजे पूर्वी जिथं राहायचो तिथली, आता बाल्कनीत बसतो. ती म्हणाली, "पायरी चांगली वाटती मला." मग पुन्हा विचारलं, या आठवड्यात पाणी आलं होतं का. मी म्हणालो, येतं की रोज.

बिचारी. तिला पाण्याची फारच काळजी दिसते. लग्न झाल्यावर टँकर मागवीन, पण तिला बादली उचलू देणार नाही.

३१ जानेवारी, शनिवार

आठ दिवसांत सगळं बदललं. शेंद्र्याकडे कुठलासा मोठा कारखाना येणार अशी बातमी आली आणि शहरातल्या प्रत्येक घरमालकाचा आवाज बदलला. मंजुषा मॅडमचाही. त्या फोनवर म्हणाल्या, गोकुळ, तुझ्यासाठी मी थांबले असते रे, पण रोज तीन-तीन फोन येतायत आणि आता भाव तो राहिला नाही. नवा भाव सांगितला. मी मोबाईल कानापासून लांब धरला, जणू त्यानं आकडा कमी होणार होता.

संध्याकाळी ताईकडे गेलो तर ती शेजारी मॅडमचा फ्लॅट दाखवत होती. मीही तिथं गेलो. सहा कुटुंबं आली होती, एकाच वेळी. एक माणूस भिंतीवर बोटांनी टकटक करत होता. एक बाई कपाट उघडून ते किती खोल आहे ते मोजत होती, त्यात माझे शर्ट लटकत होते. तिनं मला विचारलं, तुम्ही भाडेकरू का? कधी सोडताय? मी म्हणालो, बघू. एक म्हातारा म्हणाला, दोनतीनच दिवस आहेत, नाहीतर हातचा जाईल. जो तो दुसऱ्याकडे चोरासारखा बघत होता.

पंख्याचं बटण डावीकडून तिसरं. आज पाठ केलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ताई म्हणते, हा नाद सोड. बायपासला स्वस्तात बघ, आणि पिशोरवाल्यांना सांगू की तो विकला आणि हा मोठा घेतला. मला पटत नाही. महिन्यापूर्वी दाखवलेलं राहतं घर कुणी विकतं का? त्यांनी मोर पाहिलेत, कडी पाहिलीय. दुसऱ्या घरात मोर कुठून आणू?

तरी रजा टाकून बीड बायपासला गेलो. एका फ्लॅटसाठी खाली पंचवीस-तीस माणसं. एजंट म्हणाला, ज्याचा इसार आधी त्याचं घर. मी गाडी लावून वर जाईपर्यंत घर गेलं होतं. घेणाऱ्यानं आतलं स्वयंपाकघरसुद्धा पाहिलं नव्हतं. तो जिन्यातच पेढे वाटायला लागला. एक पेढा मलाही दिला आणि मी तो खाल्ला.

दुसऱ्या ठिकाणी मालकानं नाव, गाव, आडनाव, नोकरी सगळं विचारलं आणि म्हणाला, कळवतो. असे कळवणारे आतापर्यंत चार झाले. मला घरं बघायचा आता वीट आलाय. दिवसभर नवे नळ, नव्या फरश्या, आणि त्यात लोकांचे घामेजलेले चेहरे.

नाही, मला तोच फ्लॅट पाहिजे. मी तो माझा म्हणून दाखवलाय. तो गेला तर श्रेया जाणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी दहा दिवसांची मुदत दिली, पण स्पष्ट सांगितलं की आणखी एक पार्टी मागे लागली आहे. कन्नडकडची. रस्त्यात जमीन गेली, त्याचे पैसे हातात आहेत, कर्जाची भानगड नाही. मॅडम नाव सांगायला तयार नाहीत.

बँकेच्या साहेबाला दिवसातून दोनदा फोन करतो. तो आता उचलत नाही. ताईनं तिच्या बांगड्या पुढे केल्या. मी नको म्हणालो, आणि मग तासाभरानं फोन करून विचारलं की खरंच देशील का. स्वतःची लाज वाटली.

या गडबडीत नानासाहेबांचा फोन आला. वाटलं, सगळं कळलं. पण ते मजेत होते. शेताचं, हवामानाचं बोलले. सत्यमला परीक्षेच्या क्लाससाठी शहरात ठेवायचंय असं म्हणाले. मग विचारलं, "गोकुळराव, तुमच्या बिल्डिंगमधले समदे फ्लॅट एकसारखेच हायत का?"

मी म्हणालो, "हो मामा, सगळे एकसारखे. एक पाहिला की झालं."

"मजबूत हाय ना काम?"

"एकदम. मी स्वतः तपासून घेतलंय, माझं कामच ते आहे."

"मंग बरं," म्हणाले. साधी माणसं. जावयाच्या घराचं चारचौघांत कौतुक करायचं असेल. फोन ठेवल्यावर बरं वाटलं की निदान पाण्याचं काही विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

श्रेयाचा फोन. आज तिचा आवाज घाईचा होता. म्हणाली, "एक विचारू? तुमचा मजला तिसरा ना?" मी हो म्हणालो. "जिन्यातून वर आलं की डाव्या हाताचं दार?" मी हो म्हणालो.

"नानांना सांगायचं असं काही हाय का तुमच्याकडं? असलं तर आता सांगा. आज नायतर उद्या."

मला वाटलं साखरपुड्याच्या मानपानाचं विचारते आहे. मी म्हणालो, आम्हाला काही नको, मुलगी द्या, बस. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. कदाचित लाजली असेल. पण तिसऱ्या मजल्याचं का विचारलं? लाईट गेली तर चढायचं कसं, याची काळजी असणार. आई येणार ना राहायला, तिच्यासाठी. फार पुढचा विचार करते ती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गेला.

मॅडमचा फोन दुपारी, मी लाईनवर असताना. कन्नडच्या पार्टीनं इसार दिला. मुदत दहा दिवसांची होती आणि सहाच झाले होते, असं मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, गोकुळ, मी म्हातारी बाई आहे, रोज किती जणांना थांबवू? त्यांचा आवाजही रडवेला होता. नंतर मी दोष असलेले चार भाग बरे म्हणून पुढे सोडले. सहा वर्षांत पहिल्यांदा. सुपरवायझरनं पकडले, म्हणाला, लग्न डोक्यात शिरलंय.

फोन ठेवण्याआधी मी मॅडमना म्हणालो, निदान त्या माणसाचा नंबर द्या, मी पाया पडतो त्याच्या. त्या म्हणाल्या, नाही देता येणार. मग स्वतःच सांगायला लागल्या की विचित्र माणूस आहे, घर न बघताच घेतलं. म्हणतो, तसलाच एक बघितलाय, विश्वासाच्या माणसानं सांगितलंय.

आयुष्याची कमाई घालून न बघता घर घेणारी माणसं या जगात आहेत. आणि मी कोपरा न कोपरा पाठ करून बसलोय. त्या विश्वासाच्या माणसाला माझा तळतळाट लागो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस त्याच बिल्डिंगमध्ये फिरतोय. वॉचमनला विचारलं, सेक्रेटरीला विचारलं. एखादा विकायचा, भाड्याचा, कसलाही. पाचव्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजींना विचारलं, तुम्ही मुलाकडे जाणार आहात का. त्या घाबरल्या आणि दार लावून घेतलं. सेक्रेटरीनं ताईला फोन करून सांगितलं की तुमच्या भावाला आवरा.

ताईनं दिवाण आणि भांडी परत नेली. माझे शर्ट एका पिशवीत भरून दिले. म्हणाली, "खरं सांगून टाक गोकुळ. माझ्यावर ढकल. मीच म्हणले होते ना." मी तिच्यावर ओरडलो. असं ओरडायला नको होतं.

सांगायचं काय? की मी तुमच्या मुलीला ज्या घरात नांदवणार होतो ते कधी माझं नव्हतंच? तीन वेळा फोन हातात घेतला. तीनदा बॅटरी, नेटवर्क, जेवायची वेळ अशी कारणं काढून ठेवला. साखरपुडा पुढे ढकलता आला तर तोवर कुठेतरी काहीतरी मिळेल.

४ मार्च, बुधवार



नानासाहेबांचा फोन आला. ते इतके खूश होते की त्यांना नीट बोलता येत नव्हतं. म्हणाले, तुम्हाला चकित करायचं म्हणून सांगितलं नव्हतं. सत्यमसाठी तुमच्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. परवा रजिस्ट्री झाली. मालकीण पुण्याची बाई, लई भली, तिथंच किल्ली दिली.

"पोरीचं घर आन् पोराचं घर एकाच जिन्यात. अजून पाहिजे काय माणसाला? मी तर आत पाऊलबी नाय टाकलं अजून. रयवारी येतो समदे. आधी चहा तुमच्याकडं, मंग नारळ आमच्याकडं."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक अभिनंदन म्हणालो. पिशोर कन्नड तालुक्यातच येतं, हे तेव्हा डोक्यात आलं.

विश्वासाचा माणूस मीच होतो.

७ मार्च, शनिवार

तीन दिवस झाले. काय काय मनात आलं ते लिहितो, नाहीतर डोकं फुटेल. अपघात झाला म्हणून कळवावं. कंपनीनं बाहेरगावी पाठवलं म्हणावं. चावी हरवली म्हणावं. कुलकर्णी आजींच्या पाया पडून एक तासासाठी त्यांचं घर मागावं. हे शेवटचं तर मी खरंच विचारायला निघालो होतो, दुसऱ्या मजल्यावरून परत फिरलो.

आईला सगळं सांगितलं. तिला वाटत होतं कर्ज झालं, कागद झाला. ती म्हणाली, "मी त्या खोलीत माझी गादी कुठं टाकायची ते ठरवलं व्हतं रे."

उद्या मी तिथं जाणार आणि सांगणार. ते दार उघडायच्या आत.

८ मार्च, रविवार

नऊला यायचे होते. मी आठपासून तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलो होतो. डाव्या हाताच्या दाराला कुलूप होतं आणि पाटीची जागा रिकामी होती.

यावेळी सगळे जिन्यानंच आले. नानासाहेबांनी नवा फेटा बांधला होता. लक्ष्मीबाईंच्या हातात नारळ आणि हळदीकुंकू, सत्यमच्या हातात पेढ्यांचा खोका. श्रेया सगळ्यात मागे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं तेव्हाच पहिल्यांदा मला समजलं की तिला माहीत आहे.

नानासाहेब म्हणाले, "उघडा तुमचं दार, गोकुळराव."

"मामा, इथं माझं दार नाही."

"मंग कुठल्या मजल्यावर?"

"कुठल्याच नाही."

त्यांना कळेना; मागच्या वेळी लिफ्टनं आल्यामुळे मजला त्यांच्या लक्षातच नव्हता. ते हसतच होते. मी पुढे बोलायला तोंड उघडलं. श्रेयानं वडिलांच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं.

लक्ष्मीबाई आधी आत गेल्या. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभ्या राहिल्या आणि वर पाहिलं. कडी तिथंच होती. मग त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, मोर बघितले आणि परत आल्या. "अवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे तर तेच हाय."

मग मी सगळं सांगितलं. ताईचं नाव घेतलं नाही. बायोडाटा, पाटी, दिवाण, बँक, सगळं. आवाज माझाच मला लांबून येत होता. नानासाहेब खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मी तुम्हाला इचारलं व्हतं. समदे एकसारखे हायत का म्हणून. तुम्ही व्हय म्हणले. तुमच्या शब्दावर मी हे घर न बघता घेतलं."

मी म्हणालो, घर चांगलं आहे मामा, त्यात खोटं नाही. ते म्हणाले, "घराचं कुठं म्हणतोय मी." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. सत्यमनं पेढ्यांचा खोका कुठं ठेवावा हे न सुचून तो तसाच धरून ठेवला होता.

मी बाहेर आलो. दोन जिने उतरलो तर मागून पावलं ऐकू आली. श्रेया होती.

म्हणाली, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. होस्टेलला आठ-आठ दिवस बादल्या भरून ठेवायचो आम्ही. या शहरात राहणारा माणूस रोज पाणी येतं असं चुकूनही म्हणत नाही. आणि ज्याचं घर असतं त्याला पंख्याचं बटण शोधावं लागत नाही.

मी विचारलं, मग होकार का दिला?

"तुम्ही घाबरून भलतीच बटणं दाबत होता. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस वाटला. म्हणलं, सांगंल कधीतरी."

"तुम्ही तरी सांगायचं."

"मी नानांना सांगितलं असतं तर लग्न मोडलं असतं. तुम्ही सांगितलं असतं तर कदाचित नसतं मोडलं. मी शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघितली. नाना इसार द्यायच्या आधी तर तोंडानं विचारलं." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "मला त्या पायरीवर यायला आवडलं असतं. एक खोली असती तरी."

आता बोलवलं तर याल का, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात वरून लक्ष्मीबाईंची हाक आली, श्रेये, पाणी आलंय बघ नळाला, काहीतरी घे भरायला. श्रेया पदर सावरून वर निघाली. तीन पायऱ्या चढून थांबली आणि म्हणाली, "आज आलं. आता आठव्या दिवशी."

११ मार्च, बुधवार

सुपारी, नारळ आणि आईनं दिलेली साडी परत आली. सत्यम घेऊन आला होता. पत्र्याच्या खोलीचं दार बघून तो दचकला. चहा घेतला नाही. जाताना म्हणाला, नाना कुणाला काही सांगणार नाहीत, फक्त पत्रिका जुळली नाही म्हणतील. हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

२९ मार्च, रविवार

ताईनं नवा बायोडाटा करून पाठवला. त्यात 'शहरात घर घेण्याच्या तयारीत' असं लिहिलं होतं. तिचं प्रेम खरं आहे, पण मी ती ओळ खोडली. तिथं असं लिहिलं:

पुंडलिकनगरात भाड्याची एक खोली, पत्र्याची. नोकरी ठेकेदाराकडे. पाणी आठव्या दिवशी येतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सकाळी चहा घेऊन बसता येतं, दोन माणसं मावतात.

ताई म्हणाली, येडा का तू, असा बायोडाटा बघून कोण येणार? मलाही माहीत आहे कुणी येणार नाही. पहिली प्रत श्रेयाच्या नंबरवर पाठवली. सकाळी सव्वाअकराला. पाच मिनिटांत दोन निळ्या खुणा आल्या.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. उत्तर आलेलं नाही. उद्या पाण्याचा दिवस आहे, बादल्या घासून ठेवल्या.